हिरव्या पानातील ऊर्जा आणि गावाचे इंधन

चुलीत पेटलेले लाकूड, बैलाच्या पुढ्यातील कडबा, साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळणारे चिपाड आणि माणसाच्या ताटातील भाकरी या चार वस्तू वरवर पाहता एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटतात. वस्तुतः त्या एकाच व्यवहाराची चार रूपे होत. सूर्याचा प्रकाश, हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आणि मुळांनी शोषलेले पाणी यांच्यापासून हिरव्या पानाने जे साठविले, तेच कोठे अन्न, कोठे चारा, तर कोठे सरपण होऊन आपल्या हाती येते. चंद्रपूरचा दगडी कोळसाही या नियमास अपवाद नाही. सुमारे पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी दलदलीत वाढलेल्या ग्लॉसोप्टेरिस आदी वनस्पतींनी साठविलेला सूर्यप्रकाशच आज औष्णिक वीज केंद्रांत जळत आहे.

जैवऊर्जा हा शब्द अलीकडे शासकीय परिपत्रकांत, वृत्तपत्रांत आणि ग्रामसभांच्या विषयपत्रिकांत वारंवार येतो. इथेनॉल, बायोगॅस, सहवीजनिर्मिती, जैवकोळसा अशा अनेक योजना त्याखाली येतात. यांपैकी कोणती योजना आपल्या गावास मानवेल, कोणती मानवणार नाही, हे ठरविण्याची जबाबदारी अनेकदा पंचायतीवर येते. त्या वेळी पानाच्या आत नेमके काय घडते हे ठाऊक असणे फार उपयोगी पडते.

पाच वर्षे आणि दोन औंस

झाड आपले शरीर कशापासून घडविते? मातीपासून, असे उत्तर शेकडो वर्षे दिले जात होते. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट या बेल्जियन वैद्याने ही समजूत तराजूवर पारखून पाहिली. एका कुंडीत भट्टीत वाळविलेली दोनशे पौंड माती भरून त्याने पाच पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले आणि त्यास केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंड ३ औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती अवघी दोन औंस घटली होती. झाड मातीपासून बनत नाही, हे सिद्ध झाले. त्यावरून ते पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या निधनानंतर, १६४८ मध्ये, हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

हा निष्कर्ष अर्धाच खरा होता, कारण हवेकडे त्याचे लक्ष गेले नव्हते. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७१ मध्ये मेणबत्ती जळून बिघडलेल्या बंदिस्त हवेत पुदिन्याचे रोप ठेवले. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. यान इंगेनहाउस याने १७७९ मध्ये दाखवून दिले की, हवा शुद्ध करण्याचे हे काम वनस्पतीचे हिरवे भागच करतात, आणि तेही उजेडातच. पुढे १८०४ मध्ये द सोस्यूर याने वजनमापे घेऊन सिद्ध केले की, झाडाच्या वाढीत हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी या दोहोंचाही वाटा असतो. एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास अशी दीडशेहून अधिक वर्षे लागली.

वनस्पती पूर्ण वाळवून तिचे पृथक्करण केले, तर वजनाच्या सुमारे ९६ टक्के भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन या तीन मूलद्रव्यांचा भरतो. ही तिन्ही हवेतून व पाण्यातून येतात. उरलेल्या चार टक्क्यांच्या आसपास भागात नत्र, पालाश, स्फुरद, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह आदी द्रव्ये असतात आणि ती मुळांवाटे मातीतून येतात. हेल्मोंटच्या कुंडीतील घटलेले दोन औंस यांचेच निदर्शक मानता येतील. वाचकांनी हे दोन औंस ध्यानात ठेवावेत. जैवऊर्जेचा सारा हिशेब पुढे त्यांच्यापाशीच येऊन थांबतो.

पानातील कारखाना

पानाच्या पृष्ठभागावर, बहुधा खालच्या बाजूस अधिक, अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून हवा आत शिरते. आतील पेशींत हरितलवके नावाचे सूक्ष्म कण असून त्यांत हरितद्रव्य असते. सूर्यप्रकाशातील तांबडा व निळा भाग हरितद्रव्य प्रामुख्याने शोषून घेते. हिरवा भाग त्या मानाने कमी शोषला जाऊन बराचसा परत फिरतो, म्हणून पान आपणास हिरवे दिसते.

पुढील काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात प्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन होते. त्यातील ऑक्सिजन, म्हणजे आपला प्राणवायू, बाहेर टाकला जातो, आणि मिळालेली ऊर्जा काही अल्पजीवी रासायनिक संयुगांत बांधली जाते. हा प्राणवायू कार्बन डायऑक्साइडमधून निघत नसून पाण्यातून निघतो, हे रूबेन, कॅमेन व त्यांचे सहकारी यांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजनाच्या साहाय्याने दाखविले. दुसऱ्या टप्प्यास प्रकाशाची प्रत्यक्ष गरज नसते. पहिल्या टप्प्यात बांधलेली ऊर्जा वापरून कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार केली जाते. या रासायनिक चक्राचा मार्ग मेल्विन केल्व्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी कार्बनाच्या मदतीने शोधून काढला. त्याबद्दल केल्व्हिन यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीवर स्वतः तयार केलेल्या उपकरणांनी प्रकाशसंश्लेषणाची मोजमापे घेतली आणि १९२४ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

तयार झालेली शर्करा वनस्पती निरनिराळ्या प्रकारे वापरते. काही भाग ती श्वसनात जाळून स्वतःचा निर्वाह करते. काही भागाचे पिष्ट करून दाण्यात वा कंदात, काही भागाचे तेल करून बियांत साठविते. बराचसा भाग सेल्युलोज व लिग्निन या चिवट पदार्थांच्या रूपाने खोड, काडी आणि लाकूड यांत जातो. यांपैकी पिष्ट, साखर आणि तेल आपणास पचते, सेल्युलोज गुराढोरांस पचते, आणि लिग्निनयुक्त लाकूड मुख्यतः वाळवी, बुरशी यांसारख्या जिवांना किंवा अग्नीला पचते. एकाच शर्करेची ही वाटणी अन्न, चारा आणि सरपण यांचे मूळ होय.

ऊस, ज्वारी आणि गहू

सर्व वनस्पती हा उद्योग सारख्याच कौशल्याने करीत नाहीत. कार्बन डायऑक्साइड पकडणारे पानातील विकर मंद गतीचे आहे, आणि उष्ण हवेत ते चुकून त्याऐवजी ऑक्सिजन पकडते. असे झाले की कमावलेल्या शर्करेतील काही भाग वाया जातो. यास प्रकाशश्वसन म्हणतात. गहू, भात, तूर, हरभरा, सोयाबीन, कापूस ही पिके या दोषापासून मुक्त नाहीत.

ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांनी मात्र यावर उपाय शोधलेला आहे. त्यांच्या पानांत शिरांभोवती पेशींचे एक खास कडे असते. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड चार कार्बन अणूंच्या आम्लात बांधून आतल्या कड्याकडे पाठवितात, आणि तेथे तो वायू मोकळा होऊन दाटीने साठतो. त्यामुळे विकराची चूक जवळजवळ टळते. हा मार्ग प्रथम उसातच आढळला. हवाई बेटांवरील संशोधकांना १९६५ मध्ये त्याच्या खुणा मिळाल्या, आणि १९६६ मध्ये हॅच व स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात त्याचा पूर्ण उलगडा केला. घायपात, निवडुंग, अननस यांची रीत आणखी वेगळी आहे. ही झाडे रात्रीच्या गारव्यात पर्णरंध्रे उघडून वायू साठवितात आणि दिवसा ती मिटून घेऊन शर्करा करतात. पाणी वाचते, परंतु वाढ सावकाश होते.

पर्णरंध्र उघडल्याशिवाय वायू आत येत नाही, आणि ते उघडले की पाण्याची वाफ बाहेर गेल्याशिवाय राहत नाही. वायू आणि पाणी यांचा हा अटळ सौदा आहे. एक किलो शुष्क पदार्थ तयार करण्यास ज्वारीसारख्या पिकास सुमारे अडीचशे ते साडेतीनशे लिटर पाणी लागते, तर गहू-सोयाबीनसारख्या पिकास पाचशे लिटर किंवा त्याहून अधिक.

मग उसाला इतके पाणी का लागते, असा प्रश्न सहजच उद्भवतो. ऊस एका किलोमागे पाण्याची उधळपट्टी करीत नाही. परंतु तो किलोंचा डोंगर उभारतो, सुरू हंगामात बारा महिने तर आडसाली हंगामात सोळा ते अठरा महिने शेतात उभा राहतो, आणि मोकाट पाणी दिल्यास पिकाच्या गरजेहून कितीतरी अधिक पाणी जमिनीत मुरते वा उडून जाते. पिकाचा गुण आणि पाणी देण्याच्या पद्धतीचा दोष यांची गल्लत होऊ नये.

एका हेक्टराचा हिशेब

महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरता एका चौरस मीटर जागेवर दररोज सुमारे पाच युनिट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. म्हणजे एका हेक्टरावर दिवसाला पन्नास हजार युनिट, आणि वर्षाला सुमारे १ कोटी ८० लाख युनिट. आता त्याच हेक्टरात शंभर टन उसाचे पीक आले असे धरू. त्यातील पाणी वजा करता सुमारे तीस टन शुष्क पदार्थ उरतो. त्यात पाचट आणि वाढे धरून आणखी दहा टनांची भर घातली, तर चाळीस टन होतात. एक किलो शुष्क पदार्थात सुमारे पावणेपाच युनिट ऊर्जा असते. या हिशेबाने पिकाने साठविलेली ऊर्जा १ लाख ९० हजार युनिटांच्या आसपास भरते. आकाशातून पडलेल्या ऊर्जेचा हा जेमतेम एक टक्का होय, आणि ऊस हे तर उत्तम पीक आहे.

अनुकूल परिस्थितीतही गहू-भाताच्या वर्गातील वनस्पती साडेचार टक्क्यांच्या आसपास, तर ऊस-ज्वारीच्या वर्गातील वनस्पती सहा टक्क्यांच्या आसपासच प्रकाश साठवू शकते, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे. प्रकाशाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग हरितद्रव्याच्या उपयोगाचाच नसतो. बाकीची गळती रासायनिक प्रक्रियांत आणि श्वसनात होते. पीक कोवळे असताना उघड्या जमिनीवर पडणारे ऊन, पाण्याचा ताण, रोग व कीड यांची घट वेगळीच.

आजची सौर पट्टी पडलेल्या प्रकाशातून सुमारे वीस टक्के वीज देते. तेव्हा केवळ वीज हवी असल्यास सुपीक जमिनीवर झाडे लावून ती जाळणे शहाणपणाचे नव्हे. पान श्रेष्ठ ठरते ते अन्य कारणांनी. ते स्वतःच स्वतःला घडविते, ऊर्जा कोणत्याही बॅटरीवाचून वर्षानुवर्षे साठवून ठेवते, आणि अन्न, चारा व इंधन या तिन्ही रूपांत ती देऊ शकते. म्हणूनच जैवऊर्जेसाठी खास पीक घेण्याआधी अन्नासाठी घेतलेल्या पिकाच्या अवशेषांकडे पाहणे हा योग्य क्रम होय.

हवेचे हवेला, मातीचे मातीला

आता ते दोन औंस पुन्हा आठवू. झाडाचा ज्वलनशील भाग, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, हवेतून व पाण्यातून आलेला असतो. तो गावाबाहेर गेला तरी पुढील हंगामात पान तो पुन्हा मिळविते. मातीतून आलेली द्रव्ये गेली, तर ती विकत आणावी लागतात. यावरून एक सोपी कसोटी हाती येते: ज्या योजनेत हवेतून आलेला भाग इंधन म्हणून वापरला जातो आणि मातीतून आलेला भाग मातीस परत मिळतो, ती योजना टिकाऊ. ज्या योजनेत दोन्ही भाग एकदमच जातात, ती आज लाभदायक भासली तरी उद्या जमिनीच्या मुळावर येते.

गोबरगॅस या कसोटीस उत्तम उतरतो. हवाबंद टाकीत सूक्ष्म जीव शेण कुजवितात तेव्हा मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण निघते. त्यात मिथेन ५५ ते ६० टक्के असतो. नत्र, स्फुरद व पालाश ही द्रव्ये जवळजवळ सर्वच्या सर्व मळीत, म्हणजे स्लरीत, राहतात. पंचवीस किलो ताज्या शेणापासून दिवसाला सुमारे एक घनमीटर वायू मिळतो. त्याची उष्णता सुमारे ४,७०० किलोकॅलरी असून गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे २,६०० किलोकॅलरी, भांड्यास लागते. तेच पंचवीस किलो शेण थापून गोवऱ्या केल्या, तर वाळल्यावर पाच किलो भरतात. किलोस तीन हजार किलोकॅलरी असा उदार अंदाज धरला तरी एकूण पंधरा हजार होतात. साध्या चुलीत त्यातील दहा टक्के, म्हणजे दीड हजार किलोकॅलरी, उपयोगी पडतात. शिवाय नत्र धुराबरोबर निघून जाते, आणि तो धूर घरातील स्त्रियांच्या व लहान मुलांच्या छातीत जातो.

महाराष्ट्राचा या तंत्राशी संबंध जुना आहे. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून मिळणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालविल्याची नोंद आहे. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ मध्ये देसाई यांचे प्रयोग झाले. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास तरंगत्या टाकीचे संयंत्र विकसित केले, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. कमी खर्चाचा दीनबंधू नमुना १९८४ मध्ये आला. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले. त्यास २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

तथापि, गावोगाव बंद पडलेली संयंत्रेही आपण पाहतो. कारणे बहुधा साधीच असतात. चार-पाच जनावरे असलेल्या घरास दोन घनमीटरचे संयंत्र पुरते. जनावरे दोनच असताना मोठे संयंत्र बांधले, तर ते उपाशी राहते. शेणात समप्रमाणात पाणी मिसळावे लागते, आणि टंचाईच्या गावात उन्हाळ्यात तेच मिळत नाही. थंडीत सूक्ष्म जिवांचे काम मंदावते आणि वायू कमी येतो, याची पूर्वकल्पना दिलेली नसते. अनुदान देताना या तीन गोष्टी तपासल्या, तर पुष्कळ पैसा व निराशा वाचेल.

उसाचे पाचट ही दुसरी कसोटी होय. ऊस तोडल्यावर हेक्टरी आठ ते दहा टन पाचट शेतात राहते. त्यात नत्र सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दहा टनांत चाळीस ते पन्नास किलो असते. काडी ओढली की ते नत्र धूर होऊन जाते, ओलावा धरणारे आच्छादन जाते, आणि जमिनीच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव भाजले जातात. खोडव्यात पाचट सरीत आच्छादून कुजविणे हा त्याचा सर्वोत्तम उपयोग आहे. जेथे ते शक्य नाही तेथे त्याचा कोळसा करून कांड्या पाडण्याचे तंत्र याच पुण्याच्या संस्थेने विकसित केले असून त्यासही २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला होता. एवढे मात्र खरे की, हवेतून आलेला सगळाच कार्बन विकून टाकता येत नाही. त्याचा काही भाग ह्युमसच्या रूपाने मातीस द्यावाच लागतो, कारण जमिनीचा पोत आणि पाणी धरण्याची शक्ती त्यावरच अवलंबून असते.

कारखान्यात एक टन उसामागे सुमारे २८० ते ३०० किलो ओले चिपाड निघते. ते जाळून कारखाना स्वतःपुरती वाफ व वीज निर्माण करतो आणि उरलेली वीज विकतो. इथेनॉलचे तत्त्वही असेच आहे. साखर आणि मद्यार्क यांत कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांखेरीज काहीच नसते. टाकीभर इथेनॉल गावाबाहेर गेले तरी त्यातून मातीचा कण जात नाही. मातीचे सारे द्रव्य प्रेसमड, राख आणि आसवनीचे सांडपाणी यांत राहते. हे सांडपाणी प्रक्रिया न करता ओढ्यात गेले, तर विष ठरते. योग्य प्रक्रियेनंतर शेतात परतले, तर खत ठरते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ मध्ये सुरू झाला. मिश्रणाचे प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर, तर २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. एक टन उसाच्या थेट रसापासून सुमारे सत्तर लिटर इथेनॉल मिळते. साखर काढून उरलेल्या मळीपासून त्याच उसामागे दहा लिटरच्या आसपास मिळते. पहिल्या मार्गात साखर सोडावी लागते, दुसऱ्यात ती सुटत नाही. पाऊस कमी झाल्याने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनास उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर मर्यादा घालावी लागली आणि ती पुढील वर्षी उठविण्यात आली. अन्न, पाणी आणि इंधन यांची ओढाताण कशी होते, याचा हा ताजा धडा होय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर केलेले काम या दृष्टीने लक्षणीय आहे. संस्थेच्या 'मधुरा' जातीत कणसातून दाणा, ताटातून मद्यार्कासाठी गोड रस आणि उरलेल्या भागातून चारा वा इंधन, असे तिहेरी उत्पन्न मिळते.

फसलेल्या आशेचा बोध

नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये मोगली एरंडापासून डिझेलला पूरक तेल मिळविण्याचा मोठा कार्यक्रम सुचविला. हे झुडूप पडीक जमिनीत जगते, जनावरे त्यास तोंड लावत नाहीत, म्हणून ओसाड माळांवर तेलाच्या विहिरी उभ्या राहतील अशी आशा निर्माण झाली. अनेक राज्यांत लागवड झाली, परंतु अपेक्षित उत्पन्न आले नाही.

असे का झाले, हे पानाकडे पाहिले की उमगते. पाणी नसताना झाड जगते, ते पाने गाळून आणि पर्णरंध्रे मिटून. रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइड येणे थांबते, आणि शर्कराच नाही तर तेल कोठून येणार? तग धरणे आणि उत्पन्न देणे हे दोन निरनिराळे गुण आहेत. खत, पाणी आणि निवडलेले वाण यांवाचून भरघोस बियाणे देणारे झाड कोणी दाखवू लागले, तर पंचायतीने हा प्रश्न अवश्य विचारावा.

शाळेत करावयाचे दोन प्रयोग

हा विषय फळ्यावर शिकविण्यापेक्षा हाताने करून दाखविणे सोपे आहे. जास्वंदाची एक कुंडी दोन दिवस अंधारात ठेवावी. मग एका पानाच्या मध्यभागी दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी चार-पाच तास उन्हात ठेवावी. ते पान तोडून काही मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवावे. नंतर परीक्षानळीत स्पिरिट घेऊन त्यात पान घालावे, आणि नळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करावी. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून त्यापूर्वी शेगडी विझविलेली असावी आणि हे काम शिक्षकांनी स्वतःच करावे. पान फिके पडले की धुऊन त्यावर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकावेत. ऊन लागलेला भाग निळसर काळा होतो, पट्टीखालचा भाग तसाच पिवळट राहतो. पिष्ट कोठे तयार झाले, हे मुले डोळ्यांनी पाहतात.

दुसऱ्या प्रयोगास तळ्यातील हायड्रिलाच्या चार काड्या, काचेचे भांडे, नरसाळे आणि परीक्षानळी एवढेच साहित्य लागते. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून भांडे उन्हात ठेवल्यास काड्यांमधून बुडबुडे निघू लागतात. भांडे सावलीत नेताच ते कमी होतात. सोडा न घालता उकळून निवविलेले पाणी वापरले, तर फारसे निघत नाहीत, कारण त्यातील कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो. एका मिनिटात किती बुडबुडे आले हे वहीत लिहून काढावयास सांगावे. मोजमापाची सवय लागावी हाच त्याचा खरा लाभ.

गावाचा ताळेबंद

उदाहरणादाखल दोनशे उंबऱ्यांचे गाव घेऊ. प्रत्येक घरी दिवसाला चार किलो सरपण लागते असे धरल्यास गावास वर्षाला सुमारे २९० टन लाकूड लागेल. कोरडवाहू जमिनीवरील सरपणाच्या झाडांपासून हेक्टरी वर्षाला चार टन वाढ मिळते असे धरले, तर हे लाकूड कायमस्वरूपी पुरविण्यास सत्तर हेक्टरांहून अधिक वनराई हवी. फार थोड्या गावांचे गायरान तेवढे असेल. उरलेली तूट कोणीतरी भरून काढीतच असते. ती जवळचे रान भरून काढते, शेतातील पऱ्हाटी भरून काढते, किंवा पहाटे मोळीसाठी बाहेर पडणाऱ्या बायकांचे पाय भरून काढतात. निर्धूर सुधारित चुलीने सरपण निम्म्यावर आले, तर वनराईची गरजही निम्म्यावर येते. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून असंख्य घरांत सिलिंडर पोहोचले. परंतु पुन्हा भरून आणण्याचा खर्च जेथे पेलत नाही तेथे चूल विझलेली नाही, हे विसरून चालणार नाही.

लाकूड जाळल्याने हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड झाडाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून जैवइंधन निर्दोष मानले जाते. हे म्हणणे खरे, पण सशर्त खरे आहे. जितके तोडले तितके पुन्हा वाढले तरच हिशेब मिटतो. शिवाय पिकासाठी वापरलेले रासायनिक खत, पंपाची वीज आणि वाहतुकीचे डिझेल हेही खर्चाच्या बाजूस मांडावे लागतात. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, ते आता ४२० च्या वर गेले आहेत. त्यातील वाढ मुख्यतः कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने झाली, आणि जंगलतोडीने तीत भर घातली.

यास्तव प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवाराचा साधा ताळेबंद मांडावा अशी सूचना करावीशी वाटते. गावात कडबा, भुसकट, पाचट, पऱ्हाटी, तुरकाट्या आणि शेण किती निघते? त्यातील किती जनावरांस लागते, किती खतात जाते, किती चुलीत जाते, आणि किती बांधावर विनाकारण पेटविले जाते? जनावरांचा आणि जमिनीचा वाटा प्रथम बाजूस काढावा. उरेल तेच इंधनासाठी मोकळे समजावे. कोणी कंपनी काडीकचरा विकत घेण्यास आली, तर राख किंवा मळी गावास परत मिळणार काय, हे करारात लिहून घ्यावे. शाळेतील वरच्या वर्गांची मुले आणि एक उत्साही शिक्षक एवढ्या मनुष्यबळावर ही पाहणी एका हंगामात पुरी होऊ शकते. तिचे आकडे ग्रामसभेपुढे वाचून दाखविले, तर कोणत्या योजनेस होकार द्यावा आणि कोणत्या योजनेस नम्र नकार द्यावा, याचा निर्णय गाव आपल्या बुद्धीने करू शकेल.

सूर्य आपले दान रोज देतो आणि पान ते निमूटपणे साठविते. त्यातले हवेचे हवेला परत गेले तरी चालेल. मातीचे दोन औंस मात्र मातीलाच पोहोचले पाहिजेत.